कामावरचें शिक्षण : जुनी विद्या आणि नवा व्यवसाय

विद्या म्हणजे शाळा-कॉलेजांत मिळते ती, आणि नोकरी म्हणजे त्या विद्येचें फळ, अशी आपल्या पांढरपेशा घरांतून एक दृढ समजूत होऊन बसली आहे. मुलगा पदवीधर झाला कीं त्याचें शिकणें संपलें; आतां त्यानें मिळवावें, एवढेंच आईबापांस ठाऊक असतें. परंतु व्यवहाराकडे नीट पाहिलें तर असें दिसून येईल कीं, माणसाच्या शिक्षणाचा फार मोठा भाग नोकरीच्या पहिल्या दिवशीं सुरू होतो. बँकेंतील कारकुनाचे हिशेबाचे नियम, परिचारिकेचें शुश्रूषेचें कसब, कारखान्यांतील कामगाराचें यंत्राचें ज्ञान, यांपैकीं कोणतीहि गोष्ट विद्यापीठानें त्यांस पुरतेपणीं शिकविलेली नसते. ती कामावर शिकावी लागते, आणि कोणीतरी ती शिकवावी लागते. हें शिकविणें कसें व्हावें याचें एक स्वतंत्र शास्त्र गेल्या शंभर वर्षांत तयार झालें असून, त्यावर उपजीविका करणारा एक नवा वर्ग आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला आहे. इंग्रजींत त्या विद्येस ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणतात. प्रस्तुत लेखांत आपण तीस ‘पाठरचना’ आणि ती करणारास ‘पाठरचनाकार’ असें म्हणूं. आपल्या घरांतील मुलामुलींच्या उपजीविकेशीं, तसेंच हजारों श्रमजीवी लोकांच्या जीविताशीं या विषयाचा निकट संबंध असल्यानें त्याची थोडी विस्तारानें ओळख करून घेणें उचित होईल.

विद्येचे चार काळ

पतंजलीनें महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत विद्या उपयोगीं पडण्याचे चार काळ सांगितले आहेत. पहिला आगमकाल, म्हणजे ती गुरूपासून घेण्याचा; दुसरा स्वाध्यायकाल, म्हणजे ती स्वतःशीं घोळविण्याचा; तिसरा प्रवचनकाल, म्हणजे ती दुसऱ्यास सांगण्याचा; आणि चौथा व्यवहारकाल, म्हणजे ती प्रत्यक्ष कामीं लावण्याचा. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या विभागणींत आजच्या प्रशिक्षणशास्त्राचा बहुतेक सांगाडा सांपडतो. आमच्या शाळांनीं पहिल्या दोन काळांवर सारा भार टाकला. परीक्षा झाली कीं विद्या झाली, असा हिशेब ठरून गेला, आणि शेवटचे दोन काळ ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले गेले.

कामावरच्या शिक्षणांत हा क्रम उलटा होतो. तेथें माणूस आधींच व्यवहारांत उभा असतो. पुढ्यांत गिऱ्हाईक असतें, हातांत अवजार असतें, आणि मग त्यास आगमाची गरज भासते. त्याला सगळें शास्त्र नको असतें. आतां, येथें, या कामापुरतें जें लागेल तें अचूक हवें असतें. शाळेंतील शिक्षण आणि कामावरील शिक्षण यांतला मुख्य भेद हाच होय. तो ध्यानांत न घेतां कारखान्यांतहि शाळाच भरविली, तर माणसें जांभया देतात आणि पैसा वायां जातो.

साचा, माती आणि डोळ्यांची आखणी

आमचें पनवेल या विषयाचा विचार करण्यास फार सोयीचें ठिकाण आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं सन १८७२ मध्यें याच गांवीं श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना स्थापन केला. पुढें रसायनी, पाताळगंगा व तळोजें येथें रासायनिक कारखाने आले. १९८९ मध्यें शेजारच्या उरण तालुक्यांत न्हावाशेवा येथें जवाहरलाल नेहरूंच्या नांवाचें बंदर सुरू झालें. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन होऊन त्याच डिसेंबरांत तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. ज्या भूमींत परवांपर्यंत भात आणि मीठ पिकत होतें, त्या भूमीच्या मुलांना आज कंटेनर, रसायनें आणि विमानांचें सामान हाताळावें लागत आहे. इतक्या थोड्या काळांत इतकी नवी कामें एका पिढीनें शिकावयाचीं, ही सोपी गोष्ट नव्हे.

जुनें शिक्षण कसें चाले हें पाहावयाचें असेल तर पनवेलहून पेणला जावें. पेण आणि हमरापूर या बाजूच्या गणपतीच्या कारखान्यांत नवा मुलगा आला कीं त्याला प्रथम माती मळावयास बसवितात. मग साच्यांत माती दाबणें, मग हातपाय जोडणें, मग पाणी लावून मूर्ति गुळगुळीत करणें, मग अंगाचा रंग, अशा पायऱ्यांनीं तो वर चढतो. डोळ्यांची आखणी मात्र सर्वांत शेवटीं, आणि तीहि ज्याचा हात बसला आहे त्याच्याच वांट्यास येते. या क्रमांत मोठें शहाणपण आहे. माती मळतांना चूक झाली तर ती पुन्हां मळतां येते. डोळा चुकला तर सगळी मूर्ति बिघडते. ज्या पायरीवर चुकीची किंमत सर्वांत कमी, तेथून आरंभ करावा, असें हें तत्त्व आहे. जीन लेव्ह या अमेरिकन विदुषींनीं आफ्रिकेंतील लायबेरिया देशाच्या शिंप्यांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांस हेंच आढळलें. तेथील उमेदवार आधीं गुंड्या लावण्याचीं व काठ दुमडण्याचीं शेवटचीं कामें शिकतो, मग शिवण, आणि सर्वांच्या शेवटीं कापडावर कात्री. लेव्ह व एत्येन वेंगर यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळें ही गोष्ट जगभरच्या प्रशिक्षणशास्त्रज्ञांच्या तोंडीं झाली. पेणच्या कारखानदारांस ती कोणीं सांगावी लागली नव्हती.

दुसरें उदाहरण घरांतलेंच घ्या. अवलेह सिद्ध झाला हें कसें ओळखावें, याच्या खुणा शार्ङ्गधरसंहितेंत दिल्या आहेत : त्याची तार सुटावी, पाण्यांत टाकला असतां तो न पसरतां तळाशीं जावा, आणि दाबला असतां त्यावर बोटाचा ठसा उमटावा. आपल्या गृहिणी लाडवांचा पाक एकतारी कीं गोळीबंद हें ठरवितात तेंहि याच रीतीनें. ‘नीट शिजेपर्यंत ठेवा’ असें सांगणें हें शिकविणें नव्हे. डोळ्यांनीं दिसेल, बोटांस कळेल अशी खूण सांगणें म्हणजे शिकविणें. पाठरचनेचें निम्में रहस्य या एका भेदांत आहे.

जाणणें वेगळें, शिकविणें वेगळें

कामांत जो निष्णात तोच उत्तम शिकविणारा, असा एक भ्रम सर्वत्र आढळतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें श्रेष्ठत्वावरून भांडण जुंपतें, तेव्हां परिव्राजिका असा निवाडा देते कीं, कोणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, कोणाची दुसऱ्यांत संक्रांत करण्याची हातोटी विशेष असते, आणि ज्याच्या ठायीं दोन्ही असतील त्यासच शिक्षकांत अग्रस्थान द्यावें. मग परीक्षा होते ती आचार्यांची नव्हे, त्यांच्या शिष्यांची. रंगभूमीवर मालविका नाचते, आणि तिच्या नाचावरून गणदासाचें शिकविणें पारखलें जातें. विदूषकाचा मूळ डाव राजास मालविका दाखविण्याचा होता ही गोष्ट निराळी. पण त्या निमित्तानें कवि शिक्षणशास्त्राचा एक सिद्धान्त सांगून गेला आहे.

निष्णात माणसास शिकवितां कां येत नाहीं, याचें कारणहि सरळ आहे. वीस वर्षें एक काम केलें कीं त्यांतील बारीक गोष्टी हाताच्या संवयीच्या होतात आणि मनाच्या नजरेआड जातात. त्यास विचारलें तर तो प्रामाणिकपणें सांगतो कीं, ‘यांत काय आहे? असें करावयाचें.’ त्या ‘असें’मध्येंच सगळें असतें. तें बाहेर काढून शब्दांत व क्रमांत मांडणें हा पाठरचनाकाराचा खरा धंदा होय.

पंचपदी गोदींत गेली

आमच्या पिढीच्या शिक्षकांस हर्बार्टची पंचपदी तोंडपाठ असे. प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, निष्कर्ष आणि उपयोजन या पांच पदांवर आम्ही पाठटांचणें लिहीत असूं. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेस घाईनें जहाजें बांधावयाचीं होतीं आणि कसबी कामगार मिळेनात, तेव्हां चार्ल्स ॲलन या गृहस्थानें गोदींतील कारागिरांना शिकविण्याची याच घराण्यांतील चार पदांची पद्धति रचली. शिकणाऱ्याचें मन तयार करावें. काम दाखवावें व सांगावें. त्याच्याकडून करवून घ्यावें. आणि मग पारखावें. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९१९ मध्यें निघाला.

दुसऱ्या महायुद्धांत ही पद्धति फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९४० मध्यें अमेरिकेंत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नांवाची सरकारी योजना सुरू झाली. आरंभीं प्रश्न आला तो भिंगें घासणाऱ्या कारागिरांचा. तयार कारागीर होण्यास पांच वर्षें लागत, आणि युद्ध तर पांच वर्षें थांबणार नव्हतें. योजनेच्या चालकांनीं त्या कामाचीं अंगें सुटीं केलीं, सोपीं कामें नवख्यांकडे दिलीं, अवघड अंगांचीं मर्में लिहून काढलीं, आणि वर्षांचें शिक्षण महिन्यांवर आणलें. १९४५ पर्यंत साडेसोळा हजारांवर कारखान्यांतील सुमारें साडेसतरा लाख लोकांस या योजनेनें प्रमाणपत्रें दिलीं. युद्धानंतर हीच पद्धति जपानांत गेली आणि टोयोटासारख्या कारखान्यांनीं ती आपल्या अंगीं मुरविली.

तिचें स्वरूप एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, नव्या कामगारास तीव्र गंधकाम्ल पातळ करावयास शिकवावयाचें आहे. पाठरचनाकार एका कागदाचे तीन रकाने पाडतो : पायरी, मर्म आणि कारण. पहिली पायरी, भांड्यांत पाणी घेणें. दुसरी, त्यांत आम्ल थोडें थोडें ओतून ढवळणें. मर्म हें कीं आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये. कारण असें कीं, दोहोंचें मिश्रण होतांना प्रचंड उष्णता निघते. पाणी आम्लावर पडलें तर तें वरच्यावर उकळून आम्लासह अंगावर उडतें. आतां शिकविणारा आधीं त्या माणसास काय येतें तें विचारतो, मग एक एक पायरी मर्मासह करून दाखवितो, मग त्याच्याकडून करवून घेतो व करतांना मर्म आणि कारण त्याच्याच तोंडून वदवितो. ज्यास कारण कळलें तो एकटा असतांनाहि चुकत नाहीं. ज्यास नुसता हुकूम कळला तो मुकादमाची पाठ फिरतांच विसरतो.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्रांत आणि मराठी राज्यकर्त्यांच्या संस्थानांत या गोष्टीचा विचार झाला नव्हता असें नाहीं. १८८७ मध्यें मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० मध्यें सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास कलाभवन स्थापिलें, आणि त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनीं धंदेशिक्षण देशी भाषेंतूनच दिलें पाहिजे असा आग्रह धरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या त्या संस्थेंत शिक्षकच होते. पुढें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां त्या माळावर आयते कारागीर मिळण्याचा संभव नव्हता; जीं माणसें मिळालीं त्यांतूनच कारागीर घडवावे लागले. वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे, महाराष्ट्रांतील घरोघर वाचलें गेलेलें ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ या नांवानें त्या कारखान्याचें वार्तापत्र म्हणून निघालें होतें.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें या कामांत लक्ष घातलें. औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ मध्यें शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९५८ मध्यें केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ निघून त्याचें मुख्य ठाणें नागपुरास झालें. या मंडळाची रीत मोठी मार्मिक होती. मंडळाच्या अधिकाऱ्यांनीं कामगारांतूनच निवडक माणसें घेऊन त्यांस शिकवावें, आणि त्या कामगार-शिक्षकांनीं आपापल्या कारखान्यांत परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यावे. पतंजलीचा तिसरा काळ, प्रवचनकाल, येथें खऱ्या अर्थानें साधला होता. १९६३ मध्यें पवईस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या साह्यानें औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली. तिला २०२३ पासून मुंबईचें आय. आय. एम. म्हणतात.

पाठ आखण्याचें शास्त्र

इकडे अमेरिकेंत शास्त्राची घडण चालूच होती. १९५४ मध्यें बी. एफ. स्किनर यानें असें प्रतिपादन केलें कीं, विषय लहान लहान पावलांत मांडावा आणि प्रत्येक पावलावर शिकणाऱ्यास आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें तत्काळ कळावें. १९६२ मध्यें रॉबर्ट मेगर यानें उद्दिष्टें कशीं लिहावीं हें सांगितलें : ‘विद्यार्थ्यास समजेल’ असें न लिहितां ‘विद्यार्थी अमुक करून दाखवील’ असें लिहावें. १९६५ मध्यें रॉबर्ट गान्ये याचा अध्ययनाच्या अटींवरील ग्रंथ आला. १९७५ मध्यें फ्लॉरिडा राज्य विद्यापीठानें अमेरिकन सैन्यासाठीं सर्व कामाचे पांच टप्पे ठरविले : गरजेचें विश्लेषण, आराखडा, निर्मिति, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. आजहि या व्यवसायांत पाऊल टाकणारास हेच पांच टप्पे प्रथम शिकवितात.

यांपैकीं पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच पुष्कळदां गाळला जातो. काम बिघडलें कीं वरिष्ठ म्हणतात, ‘यांना प्रशिक्षण द्या.’ परंतु माणसास येत नाहीं म्हणून तो चुकतो, कीं येत असूनहि चुकतो, हें आधीं तपासावें लागतें. नोंदवही इंग्रजींत छापलेली आहे, हातमोजे फाटके आहेत, किंवा नियमानें काम करणारास उशीर झाला म्हणून बोलणीं खावीं लागतात, असें असेल तर दहा व्याख्यानांनींहि कांहीं होणार नाहीं. १९३५ मध्यें अमेरिकेंत बोइंग कंपनीचें एक नवें मोठें विमान चाचणीच्या वेळीं कोसळलें. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. उड्डाणापूर्वीं एक कुलूप काढावयाचें राहून गेलें होतें. यावर उपाय म्हणून कामांची एक छोटी यादी करण्यांत आली, आणि ती वाचून मगच उडावयाचें असा नियम झाला. वैमानिकास अधिक शिकविण्याची गरज नव्हती. स्मरणास आधार देण्याची होती. आज आमच्या पनवेलच्या आकाशांतून जाणारें प्रत्येक विमान अशा याद्यांच्या आधारानेंच उडतें.

मूल्यमापनाविषयीं १९५९ मध्यें डोनाल्ड कर्कपॅट्रिक यानें चार पायऱ्या सांगितल्या : शिकणारास वर्ग आवडला काय, तो कांहीं शिकला काय, कामावर त्याची वागणूक बदलली काय, आणि त्यामुळें संस्थेचें कांहीं भलें झालें काय. बहुतेक ठिकाणीं पहिल्या पायरीचा कागद भरून घेतात आणि चहा पिऊन घरीं जातात. कालिदासाची परिव्राजिका तिसऱ्या पायरीवर उभी होती, हें येथें लक्षांत घ्यावें.

पाठांतर, उजळणी आणि खोटे आंकडे

नव्या संशोधनानें जुन्या कांहीं गोष्टींस पुष्टि दिली आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ मध्यें स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं, शिकलेलें प्रथम फार झपाट्यानें विसरतें, आणि अंतराअंतरानें उजळणी केली तर टिकतें. २००६ मध्यें रोडिगर व कार्पिकी यांनीं असें सिद्ध केलें कीं, तोच मजकूर पुन्हां पुन्हां वाचण्यापेक्षां तो न पाहतां आठवून सांगितला, तर दीर्घकाळ अधिक चांगला लक्षांत राहतो. संध्याकाळीं पाढे म्हणवून घेणाऱ्या आजीस आणि पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं संहिता जपणाऱ्या वैदिकांस हें तत्त्व अनुभवानें ठाऊक होतें. म्हणून हल्लीं कंपन्या एकाच दिवशीं आठ तास बसवून शिकविण्याऐवजीं मोबाइलवर पांच-पांच मिनिटांचे पाठ व अधूनमधून प्रश्न पाठवितात, तें योग्यच आहे.

परंतु या क्षेत्रांत बुवाबाजीहि कमी नाहीं. ‘वाचलेलें दहा टक्के, ऐकलेलें वीस टक्के आणि केलेलें नव्वद टक्के लक्षांत राहतें’ असा एक तक्ता प्रशिक्षणवर्गांतून हटकून दाखवितात व तो एडगर डेल याच्या नांवावर खपवितात. डेलनें १९४६ मध्यें अनुभवाचा शंकु काढला हें खरें. पण त्यांत हे आंकडे नव्हतेच. त्याचप्रमाणें, कोणी डोळ्यांनीं शिकतो, कोणी कानांनीं, म्हणून प्रत्येकास वेगळ्या रीतीनें शिकवावें, या लोकप्रिय मतास पुरेसा पुरावा नाहीं, असें २००८ मध्यें पॅशलर प्रभृति मानसशास्त्रज्ञांनीं तपासून सांगितलें. नव्या व्यावसायिकानें इंग्रजी तक्ता दिसला कीं मान डोलवूं नये, एवढाच यांतील बोध.

उपजीविकेचा मार्ग

आतां आईबापांच्या मनांतील प्रश्नाकडे वळूं. या व्यवसायांत कोणीं जावें आणि काय शिकावें?

संगणक आल्यापासून पाठ हे वर्गाबरोबरच पडद्यावरहि दिले जाऊं लागले. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स ही कंपनी मुंबईंत १९९० मध्यें निघाली. २०१८ मध्यें ती एम. पी. एस. या कंपनीनें विकत घेतली. तिच्यासारख्या संस्थांतून मुंबई-पुण्याच्या अनेक तरुणांनीं देशोदेशींच्या कंपन्यांसाठीं पाठ लिहिण्याचें काम केलें. याखेरीज बँका, रुग्णालयें, विमा कंपन्या आणि कारखाने यांची स्वतःचीं प्रशिक्षणखातीं असतात. सरकारी नोकरांसाठीं २०२० मध्यें ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना जाहीर होऊन त्यांच्याकरितांहि संगणकावरचे पाठ तयार होऊं लागले. पाठरचनाकार विषयतज्ज्ञाबरोबर बसून माहिती काढतो, उद्दिष्टें लिहितो, ‘स्टोरीबोर्ड’ म्हणजे पडद्यापडद्याचें टांचण तयार करतो; मग चित्रकार, आवाज देणारे आणि संगणकाचे जाणकार त्यास मूर्त रूप देतात.

ज्यानें बी. एड्. किंवा डी. एड्. केलें आहे त्यास यांतील निम्मा प्रवास आधींच झालेला असतो, कारण स्टोरीबोर्ड हें पाठटांचणाचेंच भावंड आहे. महर्षि कर्वे यांनीं १९१६ मध्यें स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू येथील शैक्षणिक तंत्रविज्ञान विभागांत या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतां येते, पवईच्या आय. आय. टी.मध्यें २०१० पासून यांत डॉक्टरेटचें संशोधन चालतें. मुलांच्या संगोपनासाठीं नोकरी सोडलेल्या भगिनींस हें काम विशेष सोयीचें आहे, कारण त्याचा बराच भाग घरीं बसून होऊं शकतो. लागतात त्या गोष्टी तीन : स्वच्छ भाषा, अनोळखी विषय लवकर समजून घेण्याची बुद्धि, आणि आपणांस जें येतें तें दुसऱ्यास येत नाहीं हें न चिडतां लक्षांत ठेवण्याची शांत वृत्ति. ही तिसरी सर्वांत दुर्मिळ.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी आल्यापासून मजकूर जुळविण्याचें, प्रश्न काढण्याचें व भाषांतर करण्याचें काम यंत्र क्षणांत करूं लागलें आहे. जो पाठरचनाकार पुस्तकांतला मजकूर पडद्यावर उतरविण्यापुरताच कामाचा होता, त्याची गरज उरणार नाहीं. परंतु यंत्र तळोजाच्या कारखान्यांत जाऊन रात्रपाळीच्या कामगाराजवळ उभें राहात नाहीं, फाटके हातमोजे पाहात नाहीं, आणि ‘असें करावयाचें’ म्हणणाऱ्या वृद्ध कारागिराच्या बोटांकडे निरखून त्याचें मर्म विचारीत नाहीं. तें ज्यास साधेल त्याची भाकरी सुरक्षित आहे. म्हणून आपल्या मुलांस या धंद्यांत घालतांना संगणकाची ओळख जितकी द्याल, तितकीच कामाच्या जागीं जाऊन माणसांशीं बोलण्याची संवय लावा.

भाषेचा प्रश्न

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटीं सांगतों. डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ येथें विषारी वायु सुटून हजारों माणसें मेलीं. त्या अपघाताच्या अभ्यासकांनीं जीं अनेक कारणें नोंदविलीं, त्यांत कामगारांच्या प्रशिक्षणाचा काळ कमी केला जाणें, आणि कामाचीं सूचना-पुस्तकें अशा इंग्रजींत असणें, कीं जी त्यांतील थोड्यांसच कळे, हींहि आहेत. १९८७ मध्यें कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन सुरक्षिततेचें प्रशिक्षण मिळणें हा कामगाराचा हक्क ठरला. पण परक्या भाषेंतील प्रशिक्षणानें हक्क कागदावर पुरा होतो, माणूस मात्र अडाणीच राहतो. आमच्या भोंवतालच्या कारखान्यांत आज मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारे कामगार आहेत. त्यांच्या हातीं आम्ल देतांना मर्म त्यांच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. हें अशक्य नाहीं. पवईच्या आय. आय. टी.नें ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत संगणकविद्येचे सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तयार करून, शिकणाऱ्यानें पाठ पाहात पाहात शेजारींच तें काम करावें अशी रीत घालून दिली आहे. गज्जरांचा बडोद्याचा आग्रह आज मुंबईंत असा फळास आलेला दिसतो. असेच पाठ आमच्या वेल्डरांसाठीं, आयांसाठीं व गोदामांतील हमालांसाठीं मराठींतून निघाले पाहिजेत, आणि ते लिहिणारे हात आपल्याच घरांतून निघाले पाहिजेत.

दर वर्षीं आपल्या आळींतून कोणी ना कोणी सेवानिवृत्त होतो. कोणी रेल्वेंत सिग्नल सांभाळलेला असतो, कोणी प्रयोगशाळेंत चाळीस वर्षें नमुने तपासलेले असतात, एखाद्या भगिनीनें प्रसूतिगृहांत शेंकडों बाळें हातीं घेतलेलीं असतात. निरोपसमारंभांत त्यांस शाल आणि श्रीफळ मिळतें, आणि त्यांच्या हातांतील मर्में त्यांच्याबरोबर घरीं येऊन आरामखुर्चींत बसतात. घरांतील तरुण मुलामुलींनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं त्यांच्यापुढें वही घेऊन बसावें, तीन रकाने आंखावे, आणि पायरी कोणती, मर्म कोणतें, कारण काय हें विचारून लिहून घ्यावें. त्यानें त्या वृद्धांस समाधान वाटेल, ज्या कारखान्यांतून वा कचेरींतून ते आले तेथील नवख्यांस तें उपयोगीं पडेल, आणि लिहिणारास या व्यवसायाचा पहिला पाठ विनामूल्य मिळेल.